कुणाची हाय ते सांगा की, बाई

प्रश्न : बाई, मी एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. रोज बसने बेळगावला येऊन-जाऊन शिकते. इंटर्नलसाठी इंदिरा संतांच्या 'नको नको रे पावसा' या कवितेचं रसग्रहण लिहून दिलं. सरांनी खाली शेरा मारला, 'स्वतःचे मत नाही.' खरं सांगायचं तर मला मत सुचतच नाही. कविता वाचली की छान वाटते, एवढंच. मग गाईड उघडते, आणि त्यात जे असतं तेच मला म्हणायचं होतं असं वाटायला लागतं. स्वतःचं मत करायचं कसं?

उत्तर : 'मलाही हेच म्हणायचं होतं' असं गाईड वाचल्यावर वाटतं, हे तू अगदी नेमकं पकडलं आहेस. छापील वाक्याची ताकद अशीच असते. आपल्या मनात जे अर्धवट, ओबडधोबड असतं त्याच्यावर ते येऊन बसतं, आणि खालचं पुन्हा काही सापडत नाही. म्हणून गाईड जाळून टाक असं मी सांगणार नाही. कधी उघडायचं, एवढाच प्रश्न.

दुसरं असं की मत शोधायला तू फार लवकर निघतेस. आधी कवितेत आहे काय, ते बघ. 'छान' लिहू नकोस, 'भावस्पर्शी' लिहू नकोस, 'उत्कट' तर मुळीच नको. त्या ओळींत कोण आहे, कुणाशी बोलतंय, काय मागतंय, कुठल्या वस्तूंची नावं घेतंय, एवढंच आधी उतरवून काढ.

तुझीच कविता घेऊ. एक बाई पावसाशी बोलते आहे. घर मोडकं. पावसाला म्हणते, कौलांवर असा नाचू नकोस, गळतीखाली ठेवायला तांबे-पातेली मी कुठून आणू? माझी वेल झोंबून मोडू नकोस, दारातून आत घुसू नकोस, नेसूचं जुनेर भिजवू नकोस. इथवर सगळं दटावणं. मग सूर बदलतो. एवढं तुझं सोसलं, आता माझं एक ऐक. माझा सखा वाटेवर आहे, त्याला माघारी आण. वेशीपुढे आठ कोस आडवा धावत जा, विजेला कडाडायला लाव, त्याला फिरव आणि नीट सांभाळून आण. तो आला की घाल किती धिंगाणा घालायचा तो, मी चकार शब्द काढणार नाही. वर तुझ्यासाठी पितळेची लोटीवाटी मांडीन.

आता थांब. सुरुवातीला जिच्याकडे गळती धरायला भांडी नव्हती, तिच्याकडे ही पितळेची लोटीवाटी आली कुठून?

ती आधी खोटं बोलत होती का? की ती पहिली तक्रार म्हणजे घासाघीस सुरू करण्याआधीची कुरकुर होती, खरी मागणी पुढे यायचीच होती? की घरात एकच जोड होती, ठेवणीतली, पाहुण्यासाठी राखलेली, जी गळतीखाली ठेवायची नसते? मला हे तिसरं पटतं. ते पटलं की पाऊस कवितेच्या शेवटी शेवटी आडदांड उपद्रवी राहत नाही, पाहुणा होतो. तुला दुसरं पटेल. तसं वाचलं तर ही बाई जास्त चतुर दिसेल आणि गरिबी जरा मागे जाईल. दोन्हींसाठी कवितेत आधार आहे, आणि दोन्हींतून कविता वेगवेगळी दिसते. सरांना हवं होतं ते 'मत' हेच. ते दोन भांड्यांतून निघालं, 'उत्कट' या शब्दातून निघालं नसतं.

तू जांबोटीकडची, हा तुझा फायदा आहे. पलीकडे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तो सगळा पट्टाच पावसाचा. कौलारू घर गळायला लागलं की कुठलं भांडं कुठे सरकवतात, कुठलं मुळीच वापरत नाहीत, हे गाईड लिहिणाऱ्यापेक्षा तुला चांगलं माहीत असणार. ते ज्ञान वापर, पण बेतानं. तुझ्या घराच्या अनुभवातून प्रश्न सुचू दे. उत्तर मात्र कवितेतल्याच ओळींकडे माग. नाहीतर रसग्रहणाच्या जागी आमच्या गावचा पावसाळा असा निबंध होतो. असे निबंध मी गठ्ठ्यांनी तपासलेत. काही फार सुंदर होते, पण कवितेबद्दल त्यांत काहीच नसायचं.

आता गाईड उघड. तिथे लिहिलेलं असेल की इंदिरा संत या विरहाच्या कवयित्री. चरित्र खरं आहे. त्यांचे पती, कवी ना. मा. संत १९४६ साली वारले. बाई पुढे इथेच बेळगावात शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवत राहिल्या, मुलं वाढवली, कविता लिहिल्या. पण हे चरित्र त्यांच्या प्रत्येक कवितेवर सारख्याच मापानं ओतायचं का? या कवितेतला सखा अजून वाटेवर आहे, पाऊस धावला तर गाठता येईल इतक्या अंतरावर. आणि बोलणारी रडत नाही. आधी ती दटावते, मग 'राजसा' म्हणून लाडीगोडी लावते, मग चक्क लाच देऊ करते. विरह म्हटल्यावर हा खट्याळपणा कुठे बसवायचा? इथे गाईडच्या वाक्याला तुझ्या वहीतली नोंद अडते. तिथून लिहायला लाग. कदाचित लिहिता लिहिता तुला वाटेल की खट्याळपणाच्या खाली भीतीच आहे, गाईड बरोबर आहे. असू दे. आता ते तुझंही मत झालं, कारण त्याच्या बाजूनं दोन ओळी तू दाखवू शकतेस.

हा रोग आपल्याच भागातला आहे असं समजून खंतावू नकोस. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक वर्गात कवीचं नाव न सांगता कविता वाटायचे आणि मुलांना मोकळेपणानं लिहायला सांगायचे. त्या लेखनावरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. इंग्लंडातली निवडक, शिकलेली मुलं. पण नावाचा आधार काढून घेतल्यावर त्यांनी नावाजलेल्या कवींना झोडपलं आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतलं. वाचताना काय काय आडवं येतं याची रिचर्ड्सनी यादीच केली : ठरीव साच्याच्या प्रतिक्रिया, कवितेशी संबंध नसलेल्या स्वतःच्या आठवणी, भाबडेपणा, आधीपासून धरून ठेवलेली मतं, आणि कितीतरी वेळा कवितेचा साधा अर्थच न लागणं. शेवटचं विसरू नकोस. 'माझं मत वेगळं आहे' म्हणणाऱ्या निम्म्या उत्तरांत मला अर्थच चुकलेला सापडायचा.

मीही वर्गात नावं झाकून कविता द्यायची. पोरं कागद उलटापालटा करून बघायची आणि म्हणायची, "आधी कुणाची हाय ते सांगा की बाई, मग सांगतो." नाव कळलं की सगळ्यांना सगळं यायचं. तुझी बसमधली मैत्रीण असेलच कुणीतरी. तिनं तुला आणि तू तिला आठवड्याला एक कविता बिननावाची लिहून द्या. खानापूर ते बेळगाव एवढा वेळ त्याला पुरतो.


प्रश्न : मी निपाणीचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आम्हाला जी. ए. कुलकर्णींची 'कैरी' आहे. प्रश्न नेहमी ठरलेला येतो, 'जी.एं.च्या कथेतील नियतीचे स्थान स्पष्ट करा.' बाई, मला 'कैरी' वाचताना नियती दिसलीच नाही. तसं लिहिलं तर मार्क जातील का? मित्र म्हणतो, डोकं कशाला खपवतोस, मोबाईलवर चॅटबॉटला विचार, पाच मिनिटांत दोन पानं देतो.

उत्तर : मार्क जाणार नाहीत अशी हमी मी देणार नाही. पेपर तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, आणि ओळखीचं वाक्य दिसलं की त्याचा लाल पेन आपोआप बरोबरची खूण करतो. अनोळखी वाक्यापाशी त्याला थांबावं लागतं. म्हणजे थांबण्यासारखं काहीतरी तू त्याला द्यायला हवंस, आणि तुला ठरलेलं उत्तर येत नाही म्हणून तू वेगळं लिहितोयस अशी शंकाही त्याला येता कामा नये.

हे कसं करायचं ते तुझ्याच अभ्यासक्रमात आहे. साहित्यशास्त्राच्या पेपरात भरताचं रससूत्र, म्हणजे नाटकातला रस कसा सिद्ध होतो ते सांगणारं सूत्र असतं, आणि त्यावरची चार मतं : लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद, अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. आपण चार टिपा पाठ करतो, रांगेत उभे केलेले चार पुतळे असावेत तशा. वास्तविक ते एक लांबलेलं भांडण आहे. एका ओळीचं सूत्र, आणि त्यातली रसाची 'निष्पत्ती' होते म्हणजे नेमकं काय होतं, यावर प्रत्येकानं आधीच्याला खोडून काढलं. शंकुक म्हणाला लोल्लट चुकला, भट्टनायक म्हणाला दोघंही चुकले, अभिनवगुप्तानं तिघांना तपासलं. आणि यातली गंमत वर्गात कुणी सांगत नाही. पहिल्या तिघांचे ग्रंथ आज आपल्या हातात नाहीत. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' तर हरवलेलाच आहे. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते मुख्यतः अभिनवगुप्तामुळे. खोडण्याआधी त्यानं ते इतकं नीट मांडून ठेवलं की हजार वर्षांनी बेळगाव-निपाणीची पोरं त्यावर पाच मार्कांची टीप लिहितात.

तू तेवढंच कर. पहिलं पान नियतीच्या बाजूला दे, आणि मनापासून दे. जी.एं.च्या कथांत माणसं धडपडतात आणि कुठल्यातरी आंधळ्या शक्तीनं चिरडली जातात असं समीक्षकांना वाटलं, त्याला कारणं आहेत. त्यांच्या अनेक कथा तसं वाटायला लावतात. ते लिहून झालं की विचार : 'कैरी'तल्या मावशीचे हाल कोण करतं? आभाळातून काही कोसळतं का? तिच्या वाट्याला जे येतं ते तिच्याच घरातून, तिच्या नवऱ्याच्या वागण्यातून येतं. त्याला 'नियती' म्हटलं की तो माणूस सुटला. मग प्रश्न असा उभा राहतो की नियती कथेतच आहे, की कथेतल्या माणसांना आपलं सोसणं समजून घ्यायला ते नाव सोयीचं वाटतं, की आपल्यालाच वाचक म्हणून? आणि हे सगळं एक लहान मूल बघतं आहे. त्या वयाच्या डोळ्यांना नियती दिसते की मोठी माणसं दिसतात? यातला एकच धागा घे. कथेतले दोन प्रसंग दाखव. दीड पान पुष्कळ झालं. सगळे धागे घेतलेस तर मात्र मार्क जातील, आणि जायलाच हवेत.

एक सावधगिरी. जी.ए. चिकोडीजवळच्या एकसंब्याचे, १९२३ सालचा जन्म. बेळगावात शिकले, पुढे धारवाडला इंग्रजी शिकवत आयुष्य काढलं. म्हणजे तुझ्या-माझ्या मुलखातले. 'काजळमाये'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला, हेही आपण अभिमानानं सांगतो. आपल्या माणसाबद्दलचा हा अभिमान चहाच्या टपरीवर जरूर असावा. उत्तरपत्रिकेत तो आला की वाचन संपतं.

चॅटबॉटचं म्हणशील तर तो काय देईल ते मी न विचारताच सांगते : 'जी.एं.च्या कथाविश्वात नियती हे एक महत्त्वाचे सूत्र असून मानवी जीवनातील अगतिकता त्यातून प्रभावीपणे व्यक्त होते.' या वाक्यात चूक काढता येत नाही, हीच पंचाईत. मित्राच्या त्या दोन पानांत 'कैरी' हे नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही कथेचं नाव घाल. एकही वाक्य बदलावं लागलं नाही, तर ती पानं 'कैरी'वरची नाहीत. शिवाय ते यंत्र नसलेलं पात्र आणि नसलेला प्रसंगही तितक्याच ठामपणे सांगतं, तेव्हा पुस्तक शेजारी उघडं ठेवल्याशिवाय त्याच्या नादी लागू नकोस. वापरायचंच असेल तर आधी तुझं पान लिही आणि त्याला म्हण, यावर हरकती घे. त्यातली एखादी तरी कामाची निघते.


प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत कन्नड माध्यमातून झालं. घरी मराठी. आता मराठी साहित्य घेतलंय तर समीक्षेचे जड शब्द कळत नाहीत, वर्गात बोलायची लाज वाटते. (अथणी)

उत्तर : जड शब्द दोन महिन्यांत येतात, त्यांची काळजी करू नकोस. तुझ्याकडे एक आख्खं जास्तीचं साहित्य आहे, त्याचं काय करणार ते सांग. बसवण्णांसारख्या शरणसंतांची कन्नड वचनं तू शाळेत पाठ केली असशील. अभंगाला ठरलेला बांधा असतो, अक्षरं मोजता येतात. बसवण्णांच्या वचनाला तसा छंद नाही, तरी ते कानात बसतं. कशामुळे? दोन्ही शेजारी ठेवून शोध. मराठीपुरतंच वाचणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे, कवी झाले कन्नडचे, आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्याच धारवाडात जी.ए. बसून मराठी कथा लिहीत होते. तू लाजायचं काहीएक कारण नाही.


प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन होतं. बेळगाव तालुक्यातलं लहान गाव आहे. काव्यस्पर्धेच्या परीक्षकांत या वर्षी मीही होतो. सीमाप्रश्नावरची एक कविता फार टाळ्या घेऊन गेली. मला ती कविता म्हणून कच्ची वाटली आणि मी कमी गुण दिले. तेव्हापासून जवळचा मित्रच मला फितूर म्हणतो. मी चळवळीतच वाढलो, वडील मोर्च्यात जायचे. माझं चुकलं का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हा प्रश्न मराठी मुलखात दुसरीकडे कुणाला या रीतीनं पडणार नाही.

आपल्याकडे साहित्य आणि चळवळ एकाच घरात नांदली. १९४६ साली बेळगावला कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथे मराठी पुस्तक उघडणं हेही थोडंफार आंदोलनच ठरलं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनीसारखी गावं वर्गणी काढून संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, त्याला हा इतिहास आहे. मोठ्या शहरातला एखादा समीक्षक येऊन 'हे प्रचारकी आहे' म्हणून नाक मुरडून गेला तर मला रागच येतो. त्यानं हे जगलेलं नसतं.

पण या इतिहासानं आपल्याला एक खोडही लावली. कविता आपण पुरावा म्हणून वाचतो. ज्ञानदेवांच्या अभंगातला 'कानडा' विठ्ठल घ्या. भक्ताला न उमगणारं ते रूप, त्यातला चक्रावून गेलेला आनंद, हे सगळं बाजूला राहतं आणि विठोबा कुठल्या राज्याचा यावर वाद रंगतो, दोन्हीकडून. अभंग बिचारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. रिचर्ड्सच्या ज्या यादीबद्दल मी वर खानापूरच्या मुलीला लिहिलं, तीत 'आधीपासून धरलेली मतं' आहेत ती हीच. मत चांगलं असो, वाईट असो. वाचताना ते कवितेच्या पुढे उभं राहतं आणि कविता दिसेनाशी होते.

तेव्हा तुमच्यापुढच्या कवितेला दोन वेगळे प्रश्न विचारायचे होते. हिचं म्हणणं मला मान्य आहे का? आणि हिनं ते कवितेत केलंय का? पहिल्याचं उत्तर तुम्ही वडिलांबरोबर मोर्च्यात जाऊन देऊन मोकळे झाला आहात. परीक्षक म्हणून तुम्हाला बोलावलं ते दुसऱ्यासाठी. निपाणीच्या मुलाला सांगितलेली कसोटी इथेही लावून बघा : त्या कवितेतलं बेळगाव काढून दुसऱ्या कुठल्याही आंदोलनातलं गाव घातलं तर काही बिघडतं का? 'अन्याय', 'रक्त', 'माय मराठी', 'झुंज' एवढ्यावरच ती उभी असेल तर काहीच बिघडणार नाही. टाळ्या त्या शब्दांना पडल्या, आणि त्या शब्दांना इथे टाळ्या पडणारच. मीही वाजवल्या असत्या.

आता समजा दुसरी एखादी कविता आली असती. म्हातारा शेतकरी आपल्याच शेताचा उतारा हातात धरून उभा आहे. तो कन्नडमध्ये आहे, म्हणून सातवीतल्या नातवाला वाचून दाखवायला सांगतोय. नातवाला कन्नड फर्डं येतं, शाळेत सक्तीनं शिकलाय. आजोबांचं नाव तो कन्नड धाटणीनं उच्चारतो आणि आजोबांना क्षणभर कळत नाही की हे आपलंच नाव. या कवितेत 'अन्याय' शब्द नसता तरी चाललं असतं. आणि एक अवघड गोष्टही तीत आली असती : नातवाला ते कन्नड आवडत असेल तर? घोषणेला हा प्रश्न झेपत नाही. कवितेला झेपला पाहिजे. म्हणजे चळवळीच्या बाजूची कवितासुद्धा चळवळीला माहीत नसलेलं काहीतरी सांगू शकते, आणि तसं सांगते तेव्हाच ती लिहायची गरज होती असं वाटतं.

तुमचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त एक तपासा. त्या कवितेला कमी गुण देताना 'मी बघा कसा निःपक्षपाती' असं थोडंसं सुखावणं त्यात होतं का? प्रवाहाच्या उलट जाण्याचीही एक सवय लागते, आणि तीही वाचनाच्या आड येते. सगळे नावाजतात म्हणून नाक मुरडणारे मी वर्गात पुष्कळ पाहिले. त्यांनाही कविता वाचायची नसायचीच.

मित्राशी 'फितूर' या शब्दावरून वाद घालू नका, त्यातून काही निघणार नाही. ती कविता घेऊन बसा, आणि तुम्हाला कच्ची वाटलेली ओळ बोट ठेवून दाखवा. तो कदाचित एखादी चांगली ओळ दाखवील जी मांडवातल्या गोंगाटात तुमच्या कानावरून गेली. तसं झालं तर गुण बदलता येणार नाहीत, पण कवीला ते कळवता येईल. आणि पुढल्या वर्षी निकाल जाहीर करताना पहिल्या तीन कवितांना गुण का दिले ते दोन-दोन वाक्यांत माईकवरूनच सांगायची पद्धत पाडा. आत्ता ते सगळं मांडवामागे चहाच्या वेळी कुजबुजत होतं, म्हणून त्याचा फितुरीशी संबंध लागतो.